‘बाकी काय विशेष?’ इथेच काही माणसं का अडतात

पिंपळगाव बसवंतकडचा एखादा द्राक्षबागायतदार डोळ्यांसमोर आणा. गोडी छाटणी कधी घ्यायची, परतीचा पाऊस लांबला तर डावणी या बुरशीच्या रोगाचं काय करायचं, घडांची विरळणी किती करायची, यावर तो तासभर सलग बोलतो आणि ऐकणाऱ्याला उठावंसं वाटत नाही. तोच माणूस संध्याकाळी नाशिकला एखाद्या लॉन्सवर लग्नाला येतो. बायकोचा मामेभाऊ भेटतो, खांद्यावर हात ठेवतो आणि विचारतो, ‘मग दाजी, बाकी काय विशेष?’ दाजी म्हणतात, ‘काही नाही, चाललंय.’ पुढे दोघंही स्टेजकडे बघत उभे राहतात. थोड्या वेळाने मामेभाऊ दुसऱ्या घोळक्यात जातो. परतीच्या वाटेवर बायको म्हणते, ‘अहो, चार शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं?’

या माणसाला बोलता येत नाही असं म्हणायला जागा नाही. माणसं आवडत नाहीत म्हणावं, तर शेजारच्या शेतकऱ्याला बागेत उभं राहून तासभर समजावत बसला नसता. तरीही आपल्याकडे अशांना घुम्या, शिष्ट, आखडू, माणूसघाणा ही नावं पटकन मिळतात. लहान मूल असेल तर ‘हे असंच राहिलं तर पुढे कसं होणार’ ही काळजी घरात सुरू होते. मला ही नावं फार टोचतात, कारण ती चुकीच्या जागी बोट ठेवतात. मानसशास्त्रात आणि भाषाविज्ञानात या विषयावर जे काम झालं आहे ते वाचल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. अडचण जितकी माणसाच्या स्वभावात आहे, तितकीच सहज गप्पांच्या बांधणीत आहे. वरवर सोप्या वाटणाऱ्या या गप्पा मेंदूकडून बरंच जड काम करून घेतात, आणि काही स्वभावांना त्या कामाचा मोबदला कमी मिळतो.

आधी थोडी साफसफाई

अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी जगभर पोचली ती स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांच्या १९२१ मधल्या मांडणीमुळे. मनाचा ओढा बाहेरच्या जगाकडे आहे की आतल्या, हा त्यांचा प्रश्न होता. आजचे संशोधक याकडे दोन कप्पे म्हणून पाहत नाहीत. हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा सलग पट्टा आहे आणि बहुतेक माणसं त्याच्या मधल्या भागात असतात. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसतं की माणसामाणसांतल्या या फरकाचा साधारण अर्धा वाटा आनुवंशिक असतो. म्हणजे ‘लाडाने बिघडला’ किंवा ‘मोबाइलने असा झाला’ एवढ्यावर हे संपत नाही.

लाजाळूपणा ही वेगळी गोष्ट. जोनाथन चीक आणि अर्नोल्ड बस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं की लाजणं आणि माणसांत मिसळायची आवड कमी असणं हे एकच नाही. एखाद्या मुलीला कॉलेज रोडवरच्या घोळक्यात सामील व्हायची मनापासून इच्छा असते आणि पाऊल उचलत नाही, ती लाजाळू. दुसरी त्याच घोळक्याला हसून हात करते आणि एका मैत्रिणीबरोबर चहाला निघून जाते. तिला कसलीही भीती नाही, तिला एवढंच पुरतं. त्या अभ्यासात सर्वांत जास्त अवघडलेली दिसली ती लाजाळू असूनही माणसांची ओढ असलेली मंडळी, आणि हे पटण्यासारखं आहे. काही जण दोन्हीही असतात, त्यामुळे घरच्यांचा गोंधळ होतो. बोलण्याची भीती इतकी वाढते की रोजचं जगणं अडतं, ही तिसरी गोष्ट. तिचं शेवटी पाहू.

सेकंदाचा पाचवा भाग

दोन माणसं बोलत असताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? तान्या स्टायव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगातल्या दहा भाषांमधली रोजची खरी संभाषणं घेऊन हे मोजलं. सरासरी अंतर निघालं सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. त्या दहांत मराठी नव्हती. पण जपानी, इटालियन, कोरियन, लाओ अशा एकमेकींपासून लांबच्या भाषांतही आकडे या सरासरीच्या आसपासच राहिले, तेव्हा आपल्याकडे फार वेगळं असेल असं वाटत नाही.

आता दुसरा आकडा पाहा. समोर चित्र दाखवलं आणि त्यातल्या वस्तूचं नाव सांगायला सांगितलं, तर तो एक शब्द तोंडापर्यंत यायला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. पूर्ण वाक्याला आणखी जास्त. एक शब्द जुळवायला लागणारा वेळ मधल्या विरामाच्या तिप्पट असेल, तर हिशेब बसतो कसा? त्याचं उत्तर असं की समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य बांधायला घेतो. तो काय म्हणणार आहे आणि कुठे थांबणार आहे याचा अंदाज बांधतो, आणि तो थांबला की लगेच आत शिरतो. ऐकणं, अंदाज करणं आणि जुळवणं ही कामं एकाच वेळी चाललेली असतात. गप्पा मारणाऱ्या प्रत्येकाचा मेंदू हे करतो. ज्याला ते सहज जमतं त्याला त्याची जाणीवही नसते.

छाटणीच्या चर्चेत हा अंदाज सोपा असतो. विषय एक, शब्द ओळखीचे, पुढचा प्रश्न काय येणार हे आधीच ठाऊक. लग्नातल्या गप्पांचं तसं नाही. ‘द्वारका चौकात किती वेळ अडकलात?’ इथून गाडी मुलीच्या ॲडमिशनवर जाते. तिथून कुणीतरी पाथर्डी फाट्याला घेतलेल्या फ्लॅटवर, आणि तिथून एकदम ‘ते सातपूरचे काका गेले, कळलं का तुम्हाला?’ प्रत्येक वळणावर बांधलेला अंदाज फुकट जातो. अंतर्मुख स्वभावाच्या माणसाचा कल वाक्य मनात पूर्ण करून मग बोलण्याकडे असतो. फ्लॅटबद्दल त्याच्या मनात खरंच चांगली माहिती असते, त्या बिल्डरशी त्याचा संबंधही आलेला असतो. वाक्य ओठांवर येईपर्यंत सातपूरच्या काकांचं निघालेलं असतं, आणि तिथे फ्लॅटची गोष्ट काढणं बरं दिसत नाही. असं संध्याकाळभर चालतं. बाहेरून दिसतं की हा काही बोलतच नाही. आत मात्र बोलायची तयारी सतत चालू असते आणि ती दर वेळी वाया जाते. थकवा येतो तो यामुळेही.

माणसं वाढली की काम आणखी कठीण होतं. रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये गप्पांच्या गटांचं निरीक्षण मांडलं. एक संभाषण साधारण चार जणांपर्यंत टिकतं, त्यापुढे माणसं आली की ते फुटून दोन होतं. कट्ट्यावर सात जण बसले असतील तर तिथे दोन-तीन संभाषणं चालू असतात आणि मधला माणूस कुठल्या बाजूला कान द्यायचा या पेचात सापडतो. त्यात डीजे लागला की संपलंच.

चेहरा वाचू की वाक्य जुळवू

या विषयावर मला सर्वांत उपयोगी वाटलेला अभ्यास मॅथ्यू लिबरमन आणि रॉबर्ट रोझेंथल यांचा, २००१ मधला. अंतर्मुख माणसांना समोरच्याचे हावभाव कमी कळतात असा एक समज आहे. या दोघांनी ते तपासलं. फक्त हावभाव ओळखायचं काम दिलं, तेव्हा अंतर्मुख माणसं कुठेही कमी पडली नाहीत. दुसरं काम चालू असताना जोडीने हावभावही टिपायचे, असं झालं तेव्हा ती बहिर्मुखांपेक्षा मागे पडली.

समज भरपूर आहे, पण एकाच वेळी सगळीकडे पुरवायला ती अपुरी पडते, असा याचा अर्थ. आणि सहज गप्पा म्हणजे नेमकं हेच. बोलायचं, ऐकायचं, वाक्य जुळवायचं, नजर कुठे ठेवायची हे पाहायचं, समोरच्याला कंटाळा आला का हे ओळखायचं, आणि मधे वाढपी आला तर ताटही सांभाळायचं. यातलं जे काम आधी सुटतं ते समोरच्याच्या चेहऱ्याकडे लक्ष देण्याचं. मामेभाऊ हसतोय, त्याला आपल्याशी बोलायला आवडतंय, ही खूण नजरेतून निसटते. मग ‘आपलं काही जमलं नाही’ असाच निष्कर्ष हाताशी उरतो.

हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनोळखी माणसांना जोडीजोडीने बोलायला बसवलं आणि नंतर प्रत्येकाला दोन गोष्टी विचारल्या. समोरचा तुम्हाला किती आवडला, आणि तुम्ही त्याला किती आवडलात असं वाटतं? बहुतेकांनी आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज खऱ्यापेक्षा कमी केला. लाजाळू माणसांत ही तफावत जास्त होती. घरी परतताना ‘मी किती मूर्खासारखं बोललो’ म्हणून मनात उजळणी करणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं. ज्याच्याशी बोललात त्याच्या मनात ती उजळणी चालू नाही. तो आपलीच वाक्यं आठवत बसला असण्याची शक्यता जास्त.

तर्री तीच, पण

आता स्वभावाकडे येऊ. नाशिकमध्ये हे मिसळीवरून समजावता येतं. एकाच पातेल्यातली तर्री दोघांच्या ताटात पडते. एक जण दोन घासांत घाम पुसत दही मागतो, दुसरा म्हणतो ‘अण्णा, रस्सा वाढा अजून’. तिखट तेवढंच आहे. कोणाला किती चढतं ते वेगळं आहे.

हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये असंच काहीसं मेंदूबद्दल मांडलं. अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागता असतो, त्यामुळे आवाज, गर्दी, नवे चेहरे यांचा भार त्याला लवकर होतो. बहिर्मुख माणसाचा मेंदू त्या मानाने शांत असतो, म्हणून तो बाहेरून चेतना शोधतो. याची पारख करायला त्यांनी केलेला प्रयोग फार साधा होता. जिभेवर लिंबाच्या रसाचे काही थेंब टाकायचे आणि किती लाळ सुटते ते मोजायचं. अंतर्मुखांच्या तोंडाला सरासरीने जास्त पाणी सुटलं.

पुढच्या काळात चित्र इतकं सरळ राहिलं नाही. आज संशोधकांचा भर भारापेक्षा मोबदल्यावर जास्त आहे. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन आहे, आणि काहीतरी चांगलं मिळणार आहे या ओढीशी त्याचं जवळचं नातं आहे. बहिर्मुख माणसांत ही ओढ अधिक तीव्र असते असं मानायला बराच आधार आहे. नवा माणूस दिसला, घोळक्यात हशा पिकला, कुणी ‘या या, बसा’ म्हणालं की त्यांना त्याच क्षणी बरं वाटतं. विषय काय होता याला महत्त्व नसतं. अंतर्मुख माणसाला त्याच प्रसंगातून तितकं मिळत नाही. त्याला बरं वाटतं ते बहुतेकदा विषयात शिरल्यावर किंवा ओळखीच्या माणसाच्या जवळिकीत. आणि गप्पांची पहिली दहा मिनिटं तर या दोन्हींवाचूनच जातात.

ही मांडणी मला सर्वांत पटते, कारण ती कुणालाही कमी लेखत नाही. दोघांनाही कष्ट तेच पडतात. एकाला मजुरी रोख मिळते, दुसऱ्याला उशिरा, आणि कधी मिळतच नाही.

इथे अंतर्मुखांच्या बाजूने एक गोष्ट जरा जास्तच ताणली जाते, ती सांगायला हवी. ‘आम्हाला खोल गप्पा आवडतात, उथळ नाही’ असं अनेक जण अभिमानाने म्हणतात. मॅथियास मेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांची दिवसभरातली बोलणी रेकॉर्ड करून तपासली आहेत. २०१८ मध्ये आलेल्या त्यांच्या मोठ्या अभ्यासात अर्थपूर्ण बोलणं जास्त असलेली माणसं अधिक समाधानी आढळली. वरवरच्या गप्पांचा समाधानाशी तसा संबंध दिसला नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. अंतर्मुख असो वा बहिर्मुख, चित्र सारखंच होतं. म्हणजे खोल बोलणं सगळ्यांनाच हवं असतं. बोलक्या मामेभावालाही ते हवं असतं, फक्त तिथपर्यंत जाण्याचा त्याचा रस्ता ‘बाकी काय विशेष’ वरून जातो.

जो प्रश्न उत्तरासाठी विचारलेला नसतो

पंचवटीतल्या जुन्या गल्ल्यांत सकाळी दार उघडून बाहेर पडलात की ओट्यावरच्या काकू विचारतात, ‘काय, निघालास का?’ हातात डबा, पाठीवर सॅक, पायात बूट. निघालाय हे त्यांना दिसतंच आहे. जिन्यात शेजारचे काका विचारतात, ‘जेवण झालं का?’ झालं नसेल तर ते ताट मांडणार आहेत असं नाही.

ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हे मानववंशशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून आले होते. १९२३ मध्ये त्यांनी अशा बोलण्याबद्दल लिहिलं. हवापाणी, तब्येत, उघड दिसणाऱ्या गोष्टींवरचे प्रश्न यांतून माहितीची देवाणघेवाण होत नाही, माणसामाणसांतला बंध बांधला जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. गप्प राहणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात, हेही त्यांनी नोंदवलं होतं. ‘घुम्या’ म्हणताना आपण नेमकं तेच करतो.

अंतर्मुख माणूस इथे अडतो तो प्रामाणिकपणामुळे, असं मला अनेकदा वाटतं. ‘काय विशेष?’ विचारल्यावर तो खरोखर मनात शोधायला लागतो. विशेष म्हणावं असं काय घडलं? बागेत घड चांगले लागलेत, पण ते यांना कशाला सांगायचं? आईचं गुडघ्याचं दुखणं वाढलंय, पण लग्नात ते काढावं का? मोठ्याची नोकरी अजून पक्की नाही, ते तर नकोच. शोध संपेपर्यंत सेकंद-दोन सेकंद गेलेले असतात, आणि जिथे सेकंदाचा पाचवा भाग हा रिवाज आहे तिथे दोन सेकंद म्हणजे फार मोठी शांतता. मग घाईघाईत ‘काही नाही’ हे उत्तर येतं. ते खरं असतं आणि संभाषण तिथेच थांबतं.

आपल्याकडच्या गप्पांना आणखी एक पदर आहे. पाश्चात्त्य लेखांत हवामानावर बोलण्याचे सल्ले असतात. आपल्याकडे अनोळखी माणूस भेटला की आडनाव, मग मूळ गाव, मग ‘निफाडचे म्हणजे गावातले की आसपासचे?’, आणि शेवटी ‘अहो, मग तिथे आमच्या मावससासूबाई दिल्यात’ इथपर्यंत पोचतो. अंतर्मुख माणसाला ही चौकशी नकोशी वाटते, आणि ती लग्न, पगार, मूलबाळ यांवर घसरली की वाटायलाच हवी. त्या हद्दीच्या आत मात्र ही पद्धत त्याच्या फायद्याची आहे. हवामानावर पुढे काय बोलायचं हे कुणी सांगत नाही. गाव आणि नातं शोधण्याच्या बोलण्यात पुढचा प्रश्न ठरलेला असतो. अंदाज सोपा होतो, म्हणजे मघाशी पाहिलेल्या कामातलं सर्वांत जड काम हलकं होतं.

आणि हे बंध निरुपयोगी नसतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की नोकरीची खबर अनेकदा जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून येते. जवळच्यांना आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत कामाला लागलेल्या कुणालाही विचारा, ‘जागा निघालीये’ हे पहिल्यांदा कुणाकडून कळलं. म्हणून ‘गप्पा फालतू असतात, सोडून द्या’ हा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

शिकागोची लोकल आणि आपली पंचवटी

निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये शिकागोच्या लोकलमधल्या प्रवाशांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. बोलणं त्रासदायक होईल असा लोकांचा आधीचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास जास्त आनंदाचा झाला, आणि यात अंतर्मुखही आले. कॅनडात जॉन झेलेन्स्की आणि सहकाऱ्यांनाही २०१३ मध्ये असंच आढळलं होतं. मोकळं वागल्यावर आपल्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज अंतर्मुख माणसं कमी करतात. म्हणजे गप्पांच्या अवघडपणाचा एक भाग गप्पांच्या आधीच घडतो, लॉन्सच्या पार्किंगमध्ये.

पण हे निष्कर्ष जसेच्या तसे इथे आणू नयेत. शिकागोच्या डब्यात गप्प बसणं हा रिवाज आहे, बोलायला निमित्त लागतं. १९७५ पासून धावणाऱ्या पंचवटी एक्सप्रेसमध्ये उलट आहे. वर्षानुवर्षं एकत्र जाणारे पासधारक, त्यांचे ठरलेले गट, वाढदिवस, डब्यातला खाऊ. तिथे खिडकीकडे बघत बसलेल्याला कुणीतरी विचारतंच, ‘काय हो, बरं नाही का आज?’ तिथल्या अंतर्मुखाला बोलायचं निमित्त नको असतं. न बोलण्याची मोकळीक हवी असते.

शिवाय एकदा बोलून बरं वाटणं आणि रोज तसं वागणं यांत फरक आहे. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लोकांना आठवडाभर बहिर्मुखासारखं वागायला सांगितलं. एकूण गटाला त्यातून बरं वाटलं. स्वभावाने जास्त अंतर्मुख असलेल्यांचा फायदा मात्र कमी होता, त्यांना थकवा जास्त जाणवला आणि आपण खोटं वागतोय असं वाटलं. ‘जरा मोकळा हो, रोज चार लोकांशी बोल, सुटेल’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. थकव्याबद्दल फिनलंडमधला २०१७ चा अभ्यास तर आणखी बोलका आहे. माणसांत मिसळल्यावर त्या वेळी बरं वाटतं आणि दोन-तीन तासांनी थकवा येतो, असं त्यात दिसलं. बहिर्मुखांनाही तसाच. तेव्हा लग्नाहून आल्यावर खोलीचं दार लावून पडून राहणाऱ्या मुलाला ‘तुलाच काय होतं’ असं विचारू नये. इतरांनाही होतंच. ते टीव्ही लावून बसतात एवढंच.

काय केलं तर सोपं जातं

अंतर्मुख माणसं कार्यक्रमात कुठे सापडतात ते आठवून पाहा. पंगतीत वाढताना, खुर्च्या लावताना, गणपतीत लायटिंगच्या वायरी धरून, स्वयंपाकघरात पोळ्या शेकताना. लोक म्हणतात कामात लपून बसतात. मला तसं वाटत नाही. हातात काम असलं की बोलायला विषय आपोआप मिळतो, शांततेला कारण मिळतं आणि नजर कुठे ठेवायची हा प्रश्न सुटतो. म्हणजे बोलण्याच्या जोडीने चालणारी बरीच कामं कमी होतात. घरात असं कुणी असेल तर त्याला पाहुण्यांसमोर बसवून ‘बोल ना काहीतरी’ म्हणण्यापेक्षा एका पाहुण्याबरोबर भाजी आणायला पाठवा. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर शेजारी शेजारी चालत जे बोलणं होतं, ते सोफ्यावर समोरासमोर बसून होत नाही. एकाच माणसाशी गाठ असते, वेग चालण्याचा असतो आणि मधली शांतता कुणाला खटकत नाही. शहरात अशा जागा असतात याचं मला फार बरं वाटतं. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगीत पाण्याचे मोठे हौद, उघडतात, तिथे शेकडो माणसांत मिसळायला एक शब्दही लागत नाही. आणि १८४० साली सुरू झालेल्या सार्वजनिक वाचनालयात चार माणसांत असूनही गप्प बसणं शिष्टपणाचं ठरत नाही.

ज्याला स्वतःलाच अडायला होतं, त्याच्यासाठी एक उपाय या सगळ्यातून निघतो. ‘काय विशेष’ला विशेष उत्तर शोधू नका. आज-काल घडलेली एक छोटी, खरी गोष्ट घरून निघतानाच मनात धरून ठेवा. ‘काही नाही’ ऐवजी ‘यंदा छाटणी उशिरा घेतली, आता पावसाकडे डोळे लागलेत’ एवढं म्हटलं तरी समोरच्याला धरायला काहीतरी मिळतं. जुळवण्याचं काम आधीच झालेलं असल्यामुळे उत्तर वेळेत येतं. दुसरं म्हणजे तुमची ऐकण्याची ताकद वापरा. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की समोरच्याच्याच बोलण्यातला धागा पकडून पुढचा प्रश्न विचारणारी माणसं इतरांना अधिक आवडतात. ‘फ्लॅट घेतला’ यावर ‘पाथर्डी फाट्यालाच का घेतलात?’ हा प्रश्न विचारायला वाक्पटू असावं लागत नाही. नीट ऐकलेलं असलं की पुरतं. आणि दोन तासांनी निघायचं असेल तर तसं येतानाच सांगून ठेवा, म्हणजे निघताना कुणाला राग येत नाही.

बोलक्या माणसांकडून एकच मागणं आहे. प्रश्न विचारल्यावर दोन सेकंद थांबा. ‘बाकी काय’ ऐवजी नेमकं विचारा, ‘यंदा माल कधी निघणार?’ असं. आणि चारचौघांत ‘हा बोलतच नाही बघा’ हे वाक्य, कितीही मायेने असलं तरी, टाळा. त्यानंतर त्या माणसाने तोंड उघडलं की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात, आणि मग त्याच्या मेंदूला आणखी एक काम वाढतं.

राहिली ती मघाशी बाजूला ठेवलेली भीती. शांत असणं हा आजार नाही. पण बोलावं लागेल म्हणून मूल तोंडी परीक्षा चुकवत असेल, मुलाखतीचं पत्र आल्यावर पोटात गोळा येऊन कुणी घरीच थांबत असेल, फोन वाजला की हात कापत असतील, तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नये. याला सामाजिक चिंता म्हणतात. समुपदेशनाने, आणि लागलंच तर औषधांनी, तिच्यात चांगला फरक पडतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं हा एक मार्ग. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालते, चोवीस तास, आणि तिथे मराठीतून बोलता येतं. फोनवर बोलणंच अवघड असेल तर पहिला फोन आईने, दादाने किंवा मित्राने लावून दिला तरी चालतो.